काकडीला सुटलेलं पाणी

आई, काकडी चिरताना तुझी आठवण आली असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. आठवण आधी आली, काकडी नंतर चिरली.

झालं असं, सूनबाईनं यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर टोमॅटो लावला. शहरातली नोकरी सोडून आलेली, त्यामुळे निम्मी पिंपळवंडी तिच्या प्लॉटकडे डोळे लावून बसलेली. पोरगी जिवाचं रान करते, पण उतावळी. तिनं ड्रीपमधून खताचा दुप्पट डोस सोडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झाडांनी माना टाकल्या. माती ओली, तरी झाडं तहानलेली. "आत्या, अजून थोडं खत देऊ का?" म्हणाली. माझ्या जिभेवर चांगलं झणझणीत उत्तर आलं होतं. गिळलं. कारण मला शिनोलीतलं आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. मी शाळेतून आलेय, भुकेच्या घाईत चिरलेल्या काकडीवर मीठ टाकतेय आणि तू माझा हात धरतेस. "आत्ताच नगं घालू गं. मीठ सगळं पाणी भायेर वढतं. माझ्या वांग्यांचं न्हाई का झालं?" मग सांगतेस, नवी नवरी असताना तू मुठी भरभरून युरिया खोडापाशी टाकलास आणि ओल्या वाफ्यात वांगी करपली. "मूळ पाणी पितं, पण भवतीनं खारट झालं की त्येच्यातलंच पाणी भायेर जातं." स्वतःची फजिती सांगताना तू हसायचीस तशी एरवी कधी हसली नाहीस.

मी सुनेला घरी आणलं आणि काकडीच्या चकत्यांवर मीठ भुरभुरलं. थोड्या वेळानं ताटलीत पाणी साचलं. तिनं ताटली कलती करून पाहिली आणि शेताकडे पळाली. मग खत धुऊन खाली जाईपर्यंत नुसतं पाणी सोडलं. बांधाकडची काही झाडं गेली, बाकीची सावरली. आता फुलं लागलीत.

पण त्या दुपारी पाणी सोडल्यावर ती बांधावर बसून रडत होती. "मला शेती जमायची न्हाई, आत्या. जाते मी परत." तेव्हा तिला तुझ्या वांग्यांची गोष्ट सांगितली. फक्त वांगी मी जाळली, असं सांगितलं. तुला तिनं पाहिलेलं नाही, तिला फजिती हवी होती ती समोर बसलेल्या सासूची. "तुमी?" म्हणाली आणि डोळे पुसत लई हसली. आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती माझी वांगी ऐकवते आणि मी मान डोलावते.

तुझी गोष्ट मी लाटली, आई. खरं सांगून टाकावं असं रोज वाटतं. पण सांगताना ती अगदी तुझ्यासारखी हसते, म्हणून हा कागदही तिच्या हाती लागू देणार नाही.