घेवड्याच्या लाल काठ्या

मेनोंगे छावणी, ६ जून २००६

ती. आईस चिलोंबोचा सा. न. वि. वि.

तू ट्रकवाल्या कापिंगाकडे दिलेले सुके मासे पोचले, पण अर्धेच. वाटेत ट्रक बंद पडला होता असं तो म्हणतो.

सुरुंग काढायचं काम नीट चाललंय. गेल्या आठवड्यात अपघात झाला, पण घाबरू नकोस. तंबूच्या दोरीत पाय अडकून आमच्या तुकडीतली दोमिंगास पडली आणि तिचं मनगट मोडलं. तिघींना मधमाश्या चावल्या. सुरुंगाने अजून कुणाला काही केलेलं नाही.

मला मात्र बोलणी बसली. थंडीत श्वासाने तोंडावरची जाड काच धुरकटते, त्यात नाक खाजतं. रांगेत काम करताना एकदाच काच वर केली, तर आमच्या प्रमुख बाईंनी तीन दिवस भांडी घासायला लावली. एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ.

लोभ आहेच, मासे मात्र दुसऱ्या कुणाकडे द्यावेत.

तुझी, चिलोंबो

चिसेंगा, १९ जून

चि. चिलोंबोस अनेक आशीर्वाद.

काच वर केलीस हे वाचून मी जेवणाचं ताट बाजूला सारलं. ती नोकरी सोड आणि घरी ये. जपून वागणं म्हणजे काय ते माझ्याकडे बघून शीक.

इथे घेवड्याचे वेल फार माजलेत. आधाराला काठ्या मिळत नव्हत्या. नदीपलीकडच्या माळावर तुमच्यासारखीच एक तुकडी होती, ती महिन्यापूर्वी निघून गेली. काम संपलंच म्हणायचं. त्यांच्या लाल टोकाच्या सरळ काठ्या नुसत्या रांगेत उभ्या होत्या. पंधरा उपटून आणल्या. आपल्या गावप्रमुख सोबांच्या बायकोला वाटेना का हेवा. त्यांच्या घरीही असा मांडव नाही.

प्रकृतीस जपावे, आईचं ऐकावे.

तुझी आई, न्गेवे

मेनोंगे, २८ जून

आई,

नमस्कार वगैरे नंतर. ती तुकडी सुट्टीवर गेलीय, काम अर्धंच झालंय. लाल काठीच्या पलीकडे सुरुंग असतात. त्या काठ्या परत रोवायला जाऊ नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे म्हणून हे दोनदा लिहिते. रोवायला जाऊ नकोस. तिकडे कुणालाही जाऊ न देण्याबद्दल सोबांना सांग. मी त्या तुकडीला बिनतारी यंत्रावरून निरोप धाडलाय, ती माणसं पत्राआधी पोचतील.

आज माझं कामात लक्ष नव्हतं, म्हणून बाईंनी रांगेत घेतलं नाही.

चिलोंबो

चिसेंगा, १० जुलै

चि. चिलोंबोस अनेक आशीर्वाद.

ती माणसं काठ्यांची चौकशी करत आली, तेव्हा मी त्या परत रोवायला मोळी बांधून निघालेच होते. तुझा निरोप ऐकला आणि मोळी खाली ठेवली. सगळ्या गावाने बघितलं. सोबांच्या बायकोने मोजून पंधरा काठ्या त्यांच्या हवाली केल्या, घेवडा जमिनीवर लोळतोय.

मग मी काठ्या उपटलेला एकेक खड्डा रस्त्यावरूनच दाखवला. त्यांचा प्रमुख पोरगेलासा आहे. तो खाली वाकला तेव्हा मी काच खाली घे म्हणून ओरडले. ती खालीच होती. सातव्या खड्ड्याजवळ त्याला सुरुंग सापडला, वीतभर अंतरावर. चिलोंबो, काठ्या उपटताना दम लागला म्हणून मी तिथेच बसले होते. बसल्या बसल्या तुझ्या नोकरीला नावं ठेवत होते.

आता नोकरी सोड असं म्हणणार नाही. कुणीतरी ते काढायलाच हवं, आणि तुला ते येतं. पण नाक खाजलं तर खाजू दे. काचेकडे हात जायला लागला, की सातव्या खड्ड्याशी बसलेली आई आठव.

मासे या वेळी पाद्रींकडे दिलेत. मोजून घ्यावेत.

तुझी आई, न्गेवे