लॉनीची कुस्ती आणि माझी बैठकीची खोली

प्रिय व्हर्ना हिला थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद.

धप्प. तंबाखूच्या वखारीतल्या फळ्यांवर माणूस आपटल्याचा तो आवाज आठवतो का गं? बाबा आपल्याला शनिवारच्या कुस्त्यांना न्यायचे आणि तू माझ्या कोटात तोंड खुपसून बसायचीस. आज शेजारी कुणीतरी गादी झटकली, तोच आवाज कानात घुमला, म्हणून लिहायला बसलो. तुझे गुडघे कसे आहेत? ओहायोची थंडी मानवते ना? मी ठणठणीत आहे. (डॉक्टरचं मत निराळं आहे, पण तो माणूस कविता वाचत नाही, त्याचं काय मनावर घ्यायचं.)

तर तुझ्या चिरंजीवांबद्दल. शाळेत कुणाचं कोपर लागलं तरी ज्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, तो आपला लॉनी आता तोंडाला कोळसा फासून ‘खाणीतला वाघ’ म्हणून साऱ्या देशाच्या टीव्हीवर लढतो. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. गेल्या महिन्यात त्याची गाठ काउंट व्हॅलेरियनशी पडणार होती. (हा स्वतःला युरोपातल्या किल्ल्यात जन्मलेला म्हणवतो, आहे इंडियानाचा. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही, तशी रीतच आहे.) ही कुस्ती फुकट दिसत नाही. केबलच्या ऑफिसात फोन करायचा, पैसे बिलात लावायचे, की तेवढ्या घरापुरती वाहिनी उघडते. कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने लॉनीला स्वच्छ सांगितलं होतं: तुझ्या गावात किती घरं उघडतात ते बघू, नाहीतर करार इथेच संपला. लॉनीचा फोन आला, “मामा, गाव पाठीशी उभं राहिलं तर टिकलो. नाहीतर परत लाकडाच्या गिरणीत.”

मग मी थांबतो होय? मी चार ओळी रचल्या, पर्वत आणि वीर असलेल्या, आणि टपाल कचेरीपासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत म्हणून दाखवल्या. हर्शेल न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा अर्ध्यात थांबवून ऐकल्या. जो तो म्हणे, “एल्बर्टकाका, लॉनीला बघणार नाही तर कुणाला बघणार?” अभिमानाने छाती इतकी फुगली, की शेजारच्या ओपलने “पण बघायचं कुठे?” असं विचारताच मी बोलून गेलो, “कुठे म्हणजे? माझ्याकडे या सगळे.”

आपली माणसं तुला माहीत आहेत. आमंत्रण आलं की घरी कुणी बसत नाही आणि रिकाम्या हाताने कुणी येत नाही. शेंगांची पातेली आली, मक्याचे पाव आले, केळ्यांचं पुडिंग आलं, चर्चच्या घडीच्या खुर्च्या आल्या आणि पाद्रीबुवा जमिनीवर बसले. काउंटने लॉनीला मागून धरलं तेव्हा ओपलने माझ्या टीव्हीवर पाव फेकून मारला. लॉनी हरला, पण शाळेच्या पुस्तकातले वीर पडायचे ना, तसा पडला. घर हुंदके देत होतं.

दुसऱ्या दिवशी ऐटीत केबलवाल्यांना फोन लावला. तिथली ट्रूडी म्हणाली, “काका, तुमच्या गावातून एक घर.”

“कुणाचं?”

“तुमचंच की.”

व्हर्ना, मी फोन ठेवला तो दोन्ही हातांनी. साऱ्या गावाला माझ्याच बैठकीच्या खोलीत जेवू घालून पोराचा करार मी बुडवला होता.

एक आशा उरली. तीच कुस्ती येत्या शनिवारी पुन्हा दाखवणार आहेत आणि ती घरंही मोजणार आहेत. मी दारोदार फिरलो. हर्शेल म्हणाला, “काका, तो हरतो हे आता माहीत आहे. पुन्हा पैसे कशाला?”

मी म्हटलं, “शाळेतल्या कवितेतलं जहाज बुडणार हे तुला तिसरीपासून माहीत होतं. मग शेवटच्या कडव्याला तुला रडू का फुटायचं रे?”

त्याने वस्तरा पुसून ठेवला. मग म्हणाला, “नंबर द्या त्या ट्रूडीचा.”

ओपल म्हणाली, “मीही उघडते. काउंटशी माझं अजून मिटलेलं नाही.”

तुझा अभिमानी भाऊ,
एल्बर्ट

ता. क. खरं मागणं हे. तू पोराची कुस्ती अजून एकदाही बघितली नाहीस. शनिवारी तुझ्या घरी वाहिनी उघड. तुझं घर या मोजणीत नाही, तेव्हा करारासाठी नको, आई म्हणून बघ. डोळे उघडे ठेवून. आणि कुणाला बोलावू नकोस.

पुन्हा ता. क. पत्र कोटाच्या खिशातच राहिलं आणि शनिवार उलटला, तेव्हा वरचं मागणं पुढच्या कुस्तीसाठी राखून ठेव. पुढची झाली तर. ट्रूडी म्हणते, गावातलं जवळजवळ प्रत्येक घर उघडलं. उघडलं, आणि टीव्ही तसाच चालू ठेवून सगळे पुन्हा माझ्याकडेच आले. एकट्याने कसली कुस्ती बघायची, म्हणे. मी बर्फ आणायला बाहेर पडलो तर सगळ्या गल्लीत प्रत्येक खिडकीत आपला लॉनी लढत होता आणि आत चिटपाखरू नव्हतं. इतका सुंदर देखावा मी जन्मात बघितला नाही. कंपनीचं उत्तर मात्र अजून नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच दार वाजलं. बघतो तर दाराच्या चौकटीत न मावणारा काउंट व्हॅलेरियन, टोपी हातात धरून. म्हणतो, “मामा, माफ करा. लॉनी मागच्या सीटवर घोंगडीखाली आडवा पडलाय. दोघांचाही करार वाढला, वर्षभर आम्हाला एकमेकांशीच लढायचंय. गावाने आम्हा वैऱ्यांना एका गाडीत बघितलं तर धंदा बसेल. मागच्या दाराने घेता का आत?” घेतोच आहे, पण ओपल कुंपणाशी येऊन मान उंच करते आहे.