कुरणातल्या एकशे चव्वेचाळीस खुंट्या

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, माती संशोधन केंद्राचा निवृत्त मदतनीस, आज पूर्ण शुद्धीत आहे. चालायला काठी लागते, पण डोके जागेवर आहे. कुणाच्याही दबावाखाली न येता, राजीखुशीने हे स्वहस्ते लिहून ठेवतो. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात धाकट्या भावासाठी मी काहीच ठेवले नव्हते.

कलम पहिले. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या लेकीची. माझा लोकरी कोट जावईबापूंना द्यावा. त्यांचा डोळा त्यावर पहिल्यापासून आहे.

कलम दुसरे. सूक्ष्मदर्शक, माती काढायची नळी, काचेची नरसाळी आणि तीस वह्या, हेही लेकीला. डोंगरावरच्या आम्हा भावांच्या सामाईक कुरणात केंद्राने बारा ओळींत एकशे चव्वेचाळीस खुंट्या रोवल्या होत्या. दरवर्षी मी प्रत्येक खुंटीपाशी माती काढली, मलमलीत बांधून पाण्याच्या नरसाळ्यात ठेवली आणि खाली उतरलेले सूत्रकृमी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे दोऱ्यासारखे जीव, मोजले. शाळा सातवीत सुटली. पुढचे सगळे त्या भिंगाने शिकवले.

कलम तिसरे. केंद्राच्या साहेबांवरचा राग मी सोडत आहे. त्यांनी सरासरी काढून लिहिले, की कुरणात सूत्रकृमी सगळीकडे सारखेच. मी म्हटले, "साहेब, एका खुंटीला नऊशे, शेजारच्या खुंटीला चाळीस. याला सारखं कसं म्हणायचं?" ते म्हणाले, "तुम्ही मोजायचं काम करा."

कलम चौथे. आता धाकट्याविषयी. तो मेंढ्या राखतो. एकोणीस वर्षांपूर्वी कोकरे बांधायला त्याने सात खुंट्या उपटल्या आणि अंदाजाने परत रोवल्या. मी आकांडतांडव केले. तो म्हणाला, "वीतभर इकडंतिकडं झालं तर काय आभाळ कोसळलं, दादा? आणि ऐक, तुझे किडे कुठं जमतात सांगू? माझ्या मेंढ्या रात्री बसतात, लेंड्या टाकतात तिथं." मी म्हणालो, "तू मेंढ्या राखायचं काम कर." साहेबांचेच वाक्य! त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद.

गेल्या महिन्यात तीसही वर्षांचे आकडे एका मोठ्या कागदावर मांडले. गर्दीचे पुंजके दिसले. चार-दोन वर्षांनी ते जागा बदलतात, जसा मेंढ्यांचा रात्री बसायचा तळ बदलतो. धाकट्याचे बरोबर होते. ते मी दोन साक्षीदारांसमोर लिहून देतो, म्हणजे मला शब्द फिरवता येणार नाही.

पण कोणत्या वर्षी तळ कुठे होता, हे मी कधी लिहिलेच नाही. ते फक्त त्याच्या डोक्यात आहे, आणि त्याचीही पासष्टी उलटली. तो गेला तर माझ्या वह्या नुसती रद्दी.

म्हणून कुरणातला माझा अर्धा हिस्सा धाकट्याला. तिथे नांगर घालू नये, एवढीच अट. लेक शाळेत भूगोल शिकवते, तिला नकाशा काढता येतो. काकाने तिच्याबरोबर कुरणात हिंडून दरवर्षीचा तळ दाखवावा. ही अट नाही, विनंती आहे. त्या सात खुंट्या त्याने रोवल्या तिथेच राहू द्याव्यात. मी परवा काठी टेकत जाऊन ओळीतली अंतरे मोजली. एकही वीतभरापेक्षा जास्त हललेली नाही.

कलम पाचवे. चौथे कलम माझ्या मृत्यूपर्यंत थांबवू नये. वकील म्हणतात, "आजोबा, मृत्युपत्रात असं चालत नाही." मी म्हटले, "चालवून घ्या." सही होताच लेकीने याची नक्कल धाकट्याच्या हातात द्यावी. तो काही बोलला नाही तर तिने बसून राहावे. बोलला तर सांगावे, दादा घरीच आहे, दाराला कडी नाही.

सही: (लिहून ठेवणार)

साक्षीदार: १. शेजारचे शिंपी (सही) २. निवृत्त डॉक्टरीणबाई (सही)
धाकटा साक्षीदार नाही, कारण त्याला यातून हिस्सा मिळतो.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९, सकाळी दहा