गाय समोरून

बाबा, गेल्या आठवड्यात मी एका गाईला पापण्या लावल्या. गाईला पापण्या असतातच, ते मला ठाऊक आहे, पण या तशा नव्हेत. या लांब, वर वळवलेल्या, लग्नाच्या दिवशी नवरीला लावतात तशा. पुण्याच्या प्रकाशनातल्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं की गाय जरा रागीट दिसतेय, मुलांना ती आपली वाटली पाहिजे. मी ब्रश घेतला आणि लावल्या. आता ती गाय टेबलावरून माझ्याकडे बघत असते आणि मला तिची शिसारी येते. तुम्ही सौंसरच्या ढोर दवाखान्यात सगळी नोकरी जखमा बांधणारा ड्रेसर म्हणून काढली, किती जनावरांच्या तोंडात हात घातलात, पण एकीनंही तुमच्याकडे असं लाडिक पाहिलं नसेल.

तुम्ही गेलात तेव्हा मी नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात होते आणि पुढे मी शाळेत मास्तरीण होणार असं तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, म्हणून आधी हे सांगते की मी मास्तरीण झाले नाही. मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. या कामात सगळं गोड असतं. उंदीर गोड, डुक्कर गोड, चिखलसुद्धा असा की चाटून घ्यावा. पावसात भिजलेल्या मुलाच्या नाकातून शेंबूड येत नाही. गाईच्या मागे शेण नसतं, आणि खरं म्हणजे गाईला मागची बाजूच नसते, कारण ती समोरून दाखवायची असा दंडक आहे. वर्षानुवर्षं मी हे रंगवत आले. लहानपणी शेणाची आली नसेल इतकी किळस मला या गुळगुळीतपणाची येत गेली, आणि तरी मी ते करत राहिले, कारण मला दुसरं काही येत नाही.

या वेळी मात्र पुस्तक मीच लिहिलं. एक मुलगी आपल्या बाबांबरोबर अडलेली गाय सोडवायला जाते, एवढीच गोष्ट. ती कुठून आली ते तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई माहेरी पांढुर्ण्याला गेली होती, मला सांभाळायला घरी कोणी नव्हतं, म्हणून तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून बोरगावला नेलंत. संत्र्याच्या बागेला लागून गोठा. गाय पाय फाकवून उभी आहे, मान खाली, आणि मागून वासराचा एकच पाय बाहेर आलेला. दुसरा आत दुमडला आहे. तुम्ही शर्ट काढून माझ्याकडे देता, हाताला साबण लावता, त्यावर तेल, आणि हात आत घालता. आधी मनगट जातं, मग कोपर, मग खांद्यापर्यंत सगळा हात. गाल तिच्या पाठीला टेकलेला आणि डोळे छपराकडे, कारण काम बोटांना आहे, डोळ्यांना नाही. मग तो वास येतो. मी तुमच्या शर्टात तोंड खुपसते. तुम्ही मान न वळवता, तिरक्या डोळ्यानं बघून म्हणता, "डोये काहून मिटून राहिली? तिले दुखून राहिलं, अन् तुले वास येऊन राहिला."

तुमचा आवाज चढला नव्हता, तरी मला रडू आलं. मग मी डोळे उघडले आणि पाहिलं. निदान आजवर माझी तशी समजूत होती.

घरी आलात की तुम्ही न्हाणीत बराच वेळ हात धूत असायचात. आई संत्र्याची सालं टाकत नसे, ती तुम्हाला हाताला चोळायला द्यायची. वास जात नव्हता, उलट त्याला संत्र्याचा वास चिकटायचा आणि दोन्ही मिळून स्वयंपाकघरात यायचे. त्याच हातानं तुम्ही वरणभात कालवायचात आणि पहिला घास माझ्या तोंडाशी धरायचात. मी तोंड फिरवायची. आई म्हणायची, पोरीला नाटकं सुचतात. तुम्ही तो घास स्वतः खायचात. सौंसरची मुलगी असून मी संत्रं खात नाही याचं नागपूरच्या मैत्रिणींना फार नवल वाटायचं, आणि मला पित्त होतं असं मी सांगायची.

चित्रं काढायला मी तुमच्यामुळेच शिकले, पण तुमच्या गाईंवरून नाही. औषध कंपन्यांची मोठी कॅलेंडरं दवाखान्यात लागायची. वर्ष सरलं की तुम्ही ती गुंडाळून घरी आणायचात आणि म्हणायचात, मागून कोरी आहेत, काढ किती काढायचं ते. एवढा जाड, गुळगुळीत कागद शाळेत कोणाकडेच नव्हता. पुढच्या बाजूला विलायती गाई असायच्या, काळ्यापांढऱ्या, जणू आत्ताच इस्त्री करून आणलेल्या, हिरव्यागार गवतात. मी कागद उलटायची, त्या गाई आठवून आठवून काढायची. दवाखान्याच्या आवारात जखमेत किडे पडलेला बैल बांधलेला असायचा, तुम्ही त्यात तारपीन ओतत असायचात, आणि मी व्हरांड्यात पाठ फिरवून विलायती गवत रंगवत बसलेली असायची. माझं सगळं शिक्षण ते. कॉलेजात फक्त रंगांची नावं कळली.

तर या पुस्तकासाठी मी भांडले. संपादकबाईंना शेण नको होतं, लाळ नको होती, गोठ्यातल्या माश्याही नको होत्या. मुलांना किळस येईल, असं त्या दर वेळी अगदी मायेनं सांगायच्या आणि ते माझ्या फार डोक्यात जायचं. मी त्यांना म्हटलं की किळस मोठ्यांना येते, मुलं वाकून बघतात. शेवटी तडजोड झाली. बाकी सगळ्या पानांवर पापण्या, स्वच्छ जमीन, हसरी गाय. पण वासरू ओढण्याचं पान मी म्हणेन तसं. त्या पानावर गाय मागून आहे, आणि तिच्या अंगाला भिडून तुम्ही, उघडेबंब. वासराचं डोकं आणि पुढचे पाय बाहेर आलेत, तुमचा एक हात त्यांना धरून आहे. बाईंनी ते पान पाहिलं आणि खूश झाल्या. इतकी भीती वाटत होती, पण अजिबात किळस येत नाही हो, असं म्हणाल्या. मी दोन दिवस गर्वानं फुगून होते. तुमच्या बाजूनं कोणीतरी उभं राहिलं आणि ती मी, असं मला वाटत होतं.

त्याच तोऱ्यात मी ती चित्रं घेऊन बोरगावच्या शाळेत गेले. मुलांनी पापण्यांच्या गाई पटापट उलटल्या. हे पान आलं तेव्हा सगळी ईऽऽ करून ओरडली आणि लगेच पुढे सरकली, एकमेकांच्या डोक्यांवरून बघायला लागली. मला बाईंना लगेच फोन लावावासा वाटला. तेवढ्यात पुढे बसलेल्या एका मुलीनं तुमच्या हातावर बोट ठेवलं.

"मॅडम, यायचा हात सुका काहून हाय?"

मी तिला सांगितलं की त्यांनी तेल लावलंय. तिनं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"तेल नाही. वासरू भाएर काढलं का हात बुयबुयीत होते, रगतबी राह्यते. माह्या बाबाले तं पंपाचा दांडाबी धरता नाही आला. हातपंप मीच मारून देल्ला."

मी चित्र जवळ घेतलं. गोठ्याच्या भिंतीला मी पोपडे दिले होते, गाईच्या मांडीवर वाळलेला चिखल दिला होता, वासराचे केस ओले होऊन चिकटलेले दाखवले होते. आणि त्या सगळ्याच्या मधोमध तुमचा हात, खांद्यापासून बोटांपर्यंत, गव्हाळ, स्वच्छ, वर छान उन्हाची तिरीप. कॅलेंडरातल्या गाईजवळ उभा करावा असा. बाईंना किळस आली नाही यात नवल कसलं, ती मी त्यांच्या आधीच पुसून टाकली होती. आणि पुसताना मला कळलंही नव्हतं, याची मला सगळ्यात जास्त चीड आली. इतके दिवस मी त्यांना नावं ठेवत होते, त्या बिचाऱ्या निदान तोंडावर तरी सांगत होत्या.

तेव्हापासून मी ते पान पुन्हा रंगवतेय. पण रंग कोणता, बाबा? हातावरचा तो चिकटा पांढरट होता की पिवळा? रक्त त्यात मिसळलेलं असायचं की वेगळं ओघळायचं? त्या गोठ्यात मी डोळे उघडून नक्की कशाकडे पाहिलं? वासरू आठवतं, छपराची कौलं आठवतात, तुमच्या शर्टाची तुटलेली गुंडी आठवते. हात आठवत नाही. मोबाइलवर असल्या गोष्टींचे व्हिडिओ मिळतात. मी लावले आणि अर्ध्यात बंद केले. विचारायचं तर तुम्हालाच, म्हणून हे लिहायला बसले, आणि हे पाठवायचं कुठे हा प्रश्न आता लिहून झाल्यावर पडतोय.

उद्या सकाळी पान पुण्याला पाठवायचं आहे. आहे तसंही चालेल, बाईंना ते आवडलंय, आणि बोरगावची ती मुलगी सोडली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. मी मघापासून ब्रश ओला करून बसले आहे. दर वेळी तो कागदाला न टेकवता खांद्यापासून खाली नेते आणि कोपराशी आले की तोंड फिरवते. तुमचा हात अजून कोरडाच आहे.