वोनोगिरी पद्धतीचे नास्तार

आदरणीय वार्तीताई,

समारिंडाहून धाकट्या गियान्तोचा सलाम. ईदेला मोठ्यांच्या पायांशी बसून वर्षभरातल्या कळत-नकळत चुकांची माफी मागायची आपली रीत. यंदा ती कागदावरून मागतो आहे, तेव्हा वाचताना पाय जरा पुढे करून बस. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला? आणि ती काळी शेळी अजून शेजाऱ्यांच्याच मिरच्या खाते ना? मी बरा आहे. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण तुमच्या घरचा फोन भावजींच्या खिशात असतो आणि भावजींना सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं (हे त्यांना वाचून दाखवू नकोस). माझ्या शेजारी बाक्सोची गाडी लावणारा यात्नो ईद उलटल्यावर का होईना गावी वोनोगिरीला निघालाय, त्याच्या हाती देतो. शाळा मी किती शिकलो ते तुला ठाऊकच आहे, त्यामुळे अक्षराला हसू नकोस.

ईदेला आलो नाही म्हणून आई चिडली असेल. तू माझ्यासाठी बघितलेल्या त्या मुलीच्या घरी माझ्या येण्याचं सांगून बसली होतीस, तेही कळलं. पण जहाजाचं तिकीटच मिळालं नाही, त्याला मी काय करू? असो.

रोज्यांच्या महिन्यात दिवसा बाक्सो कोण खाणार? माझी गाडी लागते ती सूर्य बुडाल्यावर. मग सकाळी बाक्सोच्या रश्श्यात सोडायचे मांसाचे गोळे वळून झाले की मी मोकळा, आणि मोकळा बसलो की माझ्या अंगाला मुंग्या येतात. पहिल्या आठवड्यातच मी इबू कासमिनींचं गळकं छप्पर दुरुस्त केलं (आता दुसरीकडून गळतं). इबू म्हणजे माझ्या घरमालकीण. त्यांच्याकडे त्यांची दोन नातवंडं असतात, आठ वर्षांचा बागस आणि चार वर्षांची पिपित. बाप पिपितच्या जन्माआधीच वारला. आई, एन्दांग तिचं नाव, तैवानला एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करते. पिपित रांगत होती तेव्हा गेली, ती ह्या ईदेला पहिल्यांदा येणार होती. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. त्यात तोंड दिसतं. इबूंचा हात थरथरतो म्हणून फोन मी धरतो (दुसरं काही नाही).

तर बागसच्या डोक्यात बसलं की आई यायच्या आत घरी नास्तार झाले पाहिजेत, आई करायची तसे, खुसखुशीत बिस्किटाच्या आत अननसाचा मुरंबा आणि वर लवंग. इबू म्हणाल्या, "मला ना डोळे, ना दम. बाजारातून आणू." पोराने असं तोंड केलं की माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, माझी ताई अख्ख्या गावाचे नास्तार करते. लहानपणापासून बघतोय मी." ताई, मी बघत होतो हे खरं. पण मी कशाकडे बघत होतो ते तुला माहीत आहे. भाजून बाहेर यायच्या आधीचं मला काहीच आठवेना.

शेजारून चुलीवर ठेवायची पत्र्याची भट्टी आणली. मुरंबा बरा आटला, फक्त पातेल्याचं बूड गेलं. मग लोणी, साखर, अंड्याचे बलक, मैदा. बागस म्हणाला, "काका, दुधाची पूडपण घालते आई." मांडणीवरचा दुधाचा डबा काढला आणि भरभरून घातली. मळताना पिपित कोपरापर्यंत पिठात. तुला सांगतो, पोरांना पीठ मळायला दिलं की घरात भांडण राहत नाही, सगळा राग पिठावर निघतो. फक्त भिंतींवरचं पीठ नंतर खरवडावं लागतं, आणि इबूंच्या मांजरीवरचंही.

गोळे वळायला मात्र मी राजा. पोरं दोन तळव्यांत घासत बसली तोवर मी पीठ मुठीत घेतलं, अंगठ्याशेजारून एकसारखा गोळा पिळून काढला, चमच्याने उचलला आणि बाजूला उकळत असलेल्या पाण्यात टाकला. इतकी वर्षं हात तेच करतोय, हाताला काय कळतंय की आज ईदेचा खाऊ आहे. बागस डोकावून म्हणाला, "काका, तो बुडाला." मी म्हटलं, "तो परीक्षेचा होता." पिपितच्या अंघोळीसाठी ठेवलेलं पाणी फुकट गेलं.

खरी अडचण चवीची. माझा रोजा, इबूंचा रोजा. बागसचा लहान मुलांचा अर्धा रोजा, दुपारच्या नगाऱ्याला जेवायचं आणि पुन्हा पाळायचा, पण नगारा अजून वाजायचा होता. राहिली पिपित. तिला चाखायला बसवलं. तिने पीठ चाखलं, म्हणाली, "छान." मुरंबा चाखला, "छान." टेबलाची कड चाटली, "छान." बागस म्हणाला, "हिला काय विचारतोस, ही मेणबत्तीपण खाते." पिपित म्हणाली, "मेणबत्ती छान नाही. हे छान आहे." इतकी स्पष्ट साक्ष मिळाल्यावर मी कशाला शंका घेऊ?

बागसने विमानं केली. पिपितने प्रत्येक गोळ्यावर दोन-दोन लवंगा खोचल्या, डोळे म्हणून. भाजायला घातले तसा इबूंनी आतून आवाज दिला, "अरे, रोजा सुटायला वेळ आहे, बाक्सो आत्ताच कशाला शिजवतोस?" मी म्हटलं, "माझ्या सदऱ्याचा वास असेल." (खरंच मला तसं वाटलं. माझ्या नाकाला दुसरा वास कुठे ठाऊक आहे?) रंग सोन्यासारखा आला. पोरांनी ते बरणीत भरले, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि फर्मान काढलं, आई उघडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. कुणी लावला नाही.

एन्दांग आली ती चंद्र दिसल्याच्या संध्याकाळी, मशिदीत नगारे चालू असताना. दारात ती उभी आणि पिपित माझ्या नेसलेल्या सारोंगमागे. मी म्हटलं, "अगं, ही तुझी आई." पिपितने वरून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "हिला पाय आहेत?" फोनमध्ये कधी दिसले नव्हते ना. एन्दांग हसली, पण तिचे हात पुढे आले ते तसेच राहिले, आणि पोरगी काही सारोंग सोडेना. माझ्याच्याने ते बघवेना. इबू पदर डोळ्यांना लावून बसल्या. शेवटी एन्दांग उंबऱ्यावरच टेकली, तेव्हा बागसने बरणी आणून तिच्या मांडीवर ठेवली.

तिने एक उचलला, चावला आणि चावायची थांबली. "ह्यात लसूण आहे?" इबूंनी एक तोंडात टाकला. "मिरीपण आहे." मी चाखला, ताई, आणि माझी चव मी ओळखली. त्या घरात कुठल्याच डब्यात वरच्या चित्रातली वस्तू नसते. बिस्किटांच्या डब्यात तांदळाच्या कुरडया, चहाच्या डब्यात सुया. तसा दुधाच्या डब्यात माझा बाक्सोचा मसाला होता, मीठ, मिरी, लसणाची पूड. मीच ठेवलेला. नास्तारचा असा नास कुणी केला नसेल.

सारोंगमागून आवाज आला, "छान आहे. मी चाखलंय."

एन्दांगने दुसरा उचलला, अख्खा खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं (मिरी जास्तच होती). तिसरा हातात धरून म्हणाली, "ह्याला डोळे कुणी लावले? रागावून बघतोय माझ्याकडे."

"रागावून नाही," पिपित एक पाऊल पुढे आली. "तो वाट बघतोय."

मग ती जवळ गेली, आईच्या पायाला बोट लावून बघितलं, आणि मांडीवर चढून तिला एकेक भरवायला बसली. ती माउली प्रत्येक घासाला "छान" म्हणाली. तू काही म्हण, नास्तार उत्तम झाले होते.

तुझा,
गियान्तो

ता. क. ईदेला आलेल्या पाहुण्यांनी तिखट चटणी लावून बरणी संपवली. कृती कुणाची विचारल्यावर मी घाईत तुझं नाव सांगितलं. आता गल्लीत त्यांना वोनोगिरी पद्धतीचे नास्तार म्हणतात. इबू तुला फोन करणार आहेत. आपल्याकडे लसूण घालतातच असं सांग, भावजींनाही पढवून ठेव.

ता. क. खरी कृती मात्र पाठवू नकोस. एन्दांगने परवा नेहमीचे केले, तर पिपितने थुंकून टाकले.

ता. क. जहाजाचं तिकीट मिळालं होतं. परत केलं. त्या मुलीच्या घरी तूच गोड बोलून ये. एन्दांग आता तैवानला जाणार नाही, फोन धरायला कुणी लागत नाही, तरी संध्याकाळी मला हाक येते. काल विचारत होती, रोज धरून हात दुखायचा नाही का? मी म्हटलं नाही. आपल्या आईचा मूड बघून विचार, एकदम दोन नातवंडं मिळाली तर चालतील का. मोठा हुशार आहे. नेहमीचे नास्तार सोडले तर धाकटीला सगळंच छान लागतं, म्हणजे आपल्या आईच्या स्वयंपाकाचीही काळजी नाही (हे आईला वाचून दाखवू नकोस).