आतून बांधलेली भिंत

३ फेब्रुवारी
वहीबाई, माफ कर. बदलीच्या धबडग्यात महिनाभर तुझ्याकडे फिरकले नाही. आता ताईकडे राहायला आलेय. मागच्या दारातून बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ दिसतात, ते थेट तोंडं विटांनी बुजवलेल्या बोगद्यापर्यंत. पहिल्याच दिवशी कॅमेरा घेऊन निघाले. चाळिशी उलटली तरी उकिरडे फुंकायची सवय गेली नाही तुझी, असं म्हणून ताई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी.

भाऊजी गवंडी होते. काही वर्षांपूर्वी बोगदा बुजवून झाला, त्या संध्याकाळी ते घरी आलेच नाहीत. कंत्राटदाराने गावभर केलं, दुसरीबरोबर पळाला. ताई अजून मान खाली घालून दुकानात जाते.

५ फेब्रुवारी
बोगद्याच्या भिंतीचे फोटो मोठे करून पाहिले. विटांच्या फटींतून सिमेंट बाहेर ओघळून वाळलंय. गवंडी आपल्या बाजूचं सिमेंट थापीने निपटत जातो. ओघळ राहतात पलीकडे. म्हणजे ही भिंत आतून बांधली. बांधणारा दुसऱ्या तोंडाने बाहेर पडला असेल. उगाच कुणावर आळ नको. आधी तिकडचेही फोटो काढावेत.

६ फेब्रुवारी
तिकडची भिंत बाहेरून बांधलेली.

कंत्राटदाराला कचेरीत गाठलं. आधी हसला. मग म्हणाला, दोन्हीकडे एकदमच काम चाललं होतं, आत माणूस आहे हा निरोप पलीकडच्यांना गेलाच नाही. आता उकरून काय मिळणार? आणि माझ्यासाठी चहा मागवला. चहा! तो तसाच टाकून निघाले.

ताईला सगळं सांगितलं. ती रडली नाही.
"म्हणजे पळाले नव्हते," एवढंच म्हणाली.

७ फेब्रुवारी
दोघींनी छिन्नीने विटा काढल्या. मागे आणखी एक भिंत. ओघळ आमच्याच बाजूला, आणि ओले. बोटाला लागले. ताईला ओढतच घरी आणलं.

८ फेब्रुवारी
दुपारी ताई घरात नव्हती. धावले. भिंतीत माणूस शिरेल एवढं भगदाड, आतून तिच्या हाका — आणि त्यांना कुणीतरी ओ देत होतं. मी घण आणायला पळाले. का पळाले? शिरायला हवं होतं मी —

परतले तर भगदाड बुजलेलं. ओलं सिमेंट. आतून ताई, अगदी शांत —
"यांना विटा देतेय गं. थांब जरा."

९ फेब्रुवारी
पोलीस म्हणतात, नवऱ्यामागे गेली असेल, येईल. येईल!

एक भिंत फोडली की मागे दुसरी. तिचा आवाज लांब लांब —

उद्या: कंत्राटदाराला गचांडी धरून इथे आणायचं, आणि पहिली वीट त्याच्याच हाताने काढवायची —