लेकीच्या गावावरचं आभाळ

३ मे, शुक्रवार

पाच केंद्रं गप्प! सकाळी हवामानाचा नकाशा काढायला बसलो तर उजव्या बाजूला भलं मोठं भगदाड. आकडेच आले नाहीत. टेलिप्रिंटरवर बसणाऱ्या बाई म्हणाल्या, "मशीन धडधाकट आहे हो, तिकडून कुणी बोलतच नाही!" साडेनऊला रेडिओवर कारण कळलं. दांडगोबाने पहाटे शेजारच्या लहान देशात फौजा घुसवल्या.

(दांडगोबा हे मी ठेवलेलं नाव. त्या देशाचं खरं नाव सध्या पेपरात इतकं छापून येतं, की निदान या वहीला तरी त्यातून सुट्टी.)

भगदाड मी अंदाजाने भरलं. चारी बाजूंचे आकडे हातात असले की मधलं हवामान ओळखता येतं. तेवीस वर्षं नकाशे काढतोय, उगाच नाही. साहेब म्हणाले, "मग या लढाईचंही भाकीत करून टाका!" मी म्हटलं, "वावटळ आहे. तीन आठवड्यांत बसेल." सगळे हसले. मी मात्र गंमत करत नव्हतो.

४ मे

हिला माझं भाकीत पटलेलं नाही. ठमीला घेऊन या म्हणते. ठमी आमची एकुलती एक, बोटीने दिवसभराच्या वाटेवर, समुद्रापलीकडच्या देशात दिलेली. सहावा महिना चालू आहे.

"तिच्या सासरच्या देशाचा या भांडणाशी काय संबंध?" मी म्हटलं.

"त्यांनी त्या लहान देशाला शब्द दिलाय, मदतीला येऊ म्हणून. पेपरात आलंय."

"शब्द दिला म्हणून कुणी स्वतःचं घर पेटवून घेतं का?"

ही उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी मात्र बराच वेळ बोलत होती.

९ मे

सहा दिवसांत शेजारी संपला. वाईट झालं, पण माझ्या हिशेबाआधीच आटपलं. दांडगोबाचं पोट भरलं. आता ढेकर देऊन झोपेल.

१० मे

ठमीचं पत्र. "बाबा, इथे सगळे म्हणतात की आज गप्प बसलो तर उद्या आपली पाळी. यांचं नाव राखीव सैनिकांच्या यादीत आहे. मी तिकडे येऊ का? तुम्ही सांगाल तसं करते."

लगेच उत्तर लिहायला घेतलं. सहाव्या महिन्यात दगदग नको, डॉक्टर बदलू नकोस, सगळं निवळेल. ही पाठीशी उभी राहून वाचत होती. म्हणाली, "माझ्याकडून लिहा, ‘ताबडतोब निघून ये.’" मी लिहिलं, आईला तुझी काळजी वाटते. तेवढं पुरे. दोघांनी दोन तोंडांनी बोललं की पोर गोंधळते.

१४ मे

सासरने युद्ध पुकारलं. दिलेला शब्द पाळला म्हणे! जावईबापूंना बोलावणं आलं असणार.

त्यांची बारा केंद्रं आजपासून बंद. साहेबांनी समजावलं, "आता हवामान हेही गुपित. कुठे धुकं आहे, कुठे आभाळ मोकळं आहे, हे विमानवाल्यांना कळलं की बॉम्ब नेमके पडतात." बारांत ठमीचं गावही आलं. रोज सकाळी मी सगळ्यांत आधी तिथलेच आकडे मांडायचो. मग पत्रात विचारायचो, मंगळवारी छत्री नेली होतीस की भिजलीस? आज ती जागा कोरी. हात क्षणभर अडखळला, कबूल करतो.

पण यात एक गोष्ट चांगली. दोघे बरोबरीचे आहेत. बरोबरीचे भिडले की तडजोडीला लवकर बसतात.

१९ मे

आणखी तीन देश उतरले! दोन सासरच्या बाजूने, एक दांडगोबाच्या. जो तो खिशातून जुना करार काढतोय.

२२ मे

फोन लागला! तीन मिनिटं. ठमीचा आवाज अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. "बाबा, बोटी अजून सुटतायत. शुक्रवारी एक आहे. येऊ?"

नकाशा माझ्या डोळ्यांपुढे होताच. मी म्हटलं, "शुक्रवारी समुद्र खवळणार. या अवस्थेत अजिबात नको. पुढच्या आठवड्यातली घे." ती "बरं" म्हणाली. हिच्या हातात फोन दिला तोवर वेळ संपली.

२५ मे

वादळ आलंच, तंतोतंत! बोट नऊ तास उशिरा लागली. उतरलेल्या माणसांना धड उभंही राहता येत नव्हतं. हिला धक्क्यावर नेऊन मुद्दाम दाखवलं. "यात आपली ठमी असती तर?" हिने मान डोलावली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझं पटलं तिला. घरी येताना दोघंही हलके झालो होतो.

२८ मे

दांडगोबाने समुद्रात सुरुंग पेरले. बोटी बंद.

दोनदा बोट कचेरीत जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला कारकून म्हणाला, "काका, शुक्रवारची शेवटचीच होती." हिला हे मी सांगितलं नव्हतं. पण तिने पेपर वाचला होता. माझ्याकडे न बघता ताट वाढलं. चुकलं माझं. सरळ चुकलं. समुद्राचं बरोबर सांगितलं आणि बाकी सगळं चुकलं.

२९ मे

हातपाय गाळून चालणार नाही! आपला देश तटस्थ आहे. ठमीचा पासपोर्ट अजून आपलाच. जमिनीवरून यायचं, तीन सरहद्दी ओलांडून. वाट लांबची, पण वाट आहे. परराष्ट्र खात्यात दिवसभर बाकावर बसून अर्ज देऊन आलो.

३१ मे

नकाशात अर्ध्याहून जास्त जग कोरं. टेलिप्रिंटरवाल्या बाई स्वेटर विणत बसल्या होत्या. मी तरीही नकाशा पुरा केला. साहेब बघत राहिले. म्हणाले, "कोऱ्या जागेवरचं हवामान सांगणारा तुमच्याखेरीज या इमारतीत कुणी नाही." जरा फुशारलो.

मग त्यांनीच हळूच सांगितलं, की दांडगोबाचा राजदूत दोनदा आपल्या पंतप्रधानांना भेटून गेला. मी म्हटलं, "आपला त्यांच्याशी नुसता कोळशाचा करार आहे!" "त्याला एक पुरवणी आहे," साहेब म्हणाले. असेना का. पुरवण्या कपाटात ठेवायलाच असतात.

१ जून, शनिवार

परवाना मिळाला! शिक्का, सही, सगळं. ठमीला तार गेली, तिची उलट तारही आली. मंगळवारच्या गाडीने निघतेय, शनिवारपर्यंत घरात! ही सकाळपासून मागची खोली आवरतेय. मला दोनदा पलंग हलवायला लावला, दोनदा परत जागेवर आणायला लावला. पाठ भरून आली, पण तक्रार नाही. हिला हसताना बघून महिना झाला होता.

३ जून, सोमवार

सकाळी अकराला आपण दांडगोबाच्या बाजूने युद्धात उतरलो. ठमीचं सासर आता शत्रू. सगळ्या सरहद्दी बंद.

दुपारी साहेब दोन लष्करी अधिकाऱ्यांना माझ्या टेबलाशी घेऊन आले. त्यांनी ठमीच्या गावाचं नाव घेतलं. तिथल्या बंदरावर येते तीन दिवस आभाळ कसं असेल? आकडे कुणाकडेच नव्हते. मी आजूबाजूचं मांडून पाहिलं. एकही ढग नाही.

लिहून दिलं, दाट ढग, अगदी खाली उतरलेले, तीन दिवस उघडीप नाही. खाली सही केली.